द्यायचा की ठेवायचा

१६ ऑगस्ट १९९३, सोमवार

ही वही मार्लीसने, माझ्या बायकोने, दिली. म्हणाली, तेवीस वर्षं जेवणाच्या टेबलावर मला फुटबॉल ऐकवलास, आता जरा कागदाला ऐकव. हसत म्हणाली, पण वही चांगली दोनशे पानी आहे, म्हणजे नुसती गंमत नव्हती. सकाळी कॉफी होईपर्यंत लिहायचं, असं ठरवलंय.

आजपासून सराव सुरू. यंदा आमचं हार्लन क्रीक कॉलेज वरच्या गटात गेलंय. कुणी सांगितली होती ही उठाठेव, देव जाणे. आता ज्यांच्याशी गाठ आहे त्यांची पोरं आमच्यांपेक्षा तीस-चाळीस पौंडांनी जड आणि वर पळायलाही वेगवान. मुख्य कोच जीन टिलटसन मला बाजूला घेऊन म्हणाला, "ओरिन, आक्रमण तुझ्याकडे. जिंकून दे म्हणत नाही, पण अब्रू राख."

मी काय करणार? मला एकच विद्या येते, ऑप्शनची. नव्या पोरांना दर ऑगस्टला सांगतो तेच आजही सांगितलं. समोर अकरा, आपण अकरा. आपल्यातला एक चेंडू हातात घेऊन पळणार, मग अडवायला उरले दहा. तेव्हा समोरच्या एकाला आपण मुद्दाम मोकळा सोडतो. सगळ्यात दांडगा असेल तोच. त्याला कुणी हात लावायचा नाही, चाल सुरू करणारा आपला क्वार्टरबॅक त्याला फक्त वाचतो. चेंडू शेजारून मध्ये घुसणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी लावायचा, सोडायचा नाही, दोन पावलं त्याच्या जोडीने जायचं आणि नजर त्या मोकळ्या माणसावर. तो फुलबॅकवर झेपावला तर चेंडू ठेवायचा. तो आपल्यावर आला तर फुलबॅकला द्यायचा. ठेवून बाहेर पळालो की आणखी एक मोकळा भेटतो, तो अंगावर आला की बाजूच्या गड्याकडे फेकायचा. द्यायचा, ठेवायचा किंवा फेकायचा. यात ताकद कमी लागते, नजर लागते. दुबळ्यांसाठी याहून चांगला खेळ कुणी काढलेला नाही.

आणि फुलबॅकने हात सैल ठेवायचे. निर्णय त्याचा नाही. त्याने चेंडू आवळून धरला तर माझ्याकडे त्याला माफी नाही.

क्वार्टरबॅक वेड लुंडीन, तिसरं वर्ष. बापाची गुरं आहेत ब्रोकन बोजवळ. बोलायला लाजाळू, पण त्याच्यासारखी नजर मी वीस वर्षांत पाहिली नाही. फुलबॅक रेने अरेल्लानो. त्याचे आईबाप लेक्सिंग्टनच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. आखूड, रुंद, आणि तोंडाने चालू. पहिल्या वर्षापासून दोघे एकाच खोलीत राहतात. रेने म्हणतो, "कोच, हा झोपेतसुद्धा चेंडू माझ्या पोटाशी लावतो." सगळे हसले. मीही हसलो.

५ सप्टेंबर, रविवार

एकेचाळीस–तीन हरलो. पुढचं काही लिहायची इच्छा नाही.

६ सप्टेंबर, सोमवार

तरी लिहितो. सामन्याची टेप चार वेळा बघितली. त्यांचा तो मोकळा सोडलेला माणूस कुणावरच जात नव्हता. उभाच. वेडने चेंडू दिला की फुलबॅकला पाडी, ठेवला की वेडला पाडी. पाय इतके चपळ की दोन्ही कामं त्यालाच जमायची. आमच्या जुन्या गटात असला माणूस बघितला नव्हता. वेडने टेप बघून हळूच म्हटलं, "कोच, तो निवडतच नाही. मग मी काय वाचू?"

प्रश्न बरोबर आहे. दिवसभर डोक्यात तोच आहे.

८ सप्टेंबर, बुधवार

सापडलं. आंघोळ करताना सापडलं, आणि मी तसाच टॉवेल गुंडाळून स्वयंपाकघरात येऊन मार्लीसला मिठाची आणि मिऱ्याची डबी मांडून दाखवलं.

तो निवडत नाही, तर त्याला निवडायला लावायचं. वेडने घाई करायची नाही. चेंडू हातात ठेवून थेट त्याच्या छातीवर चालून जायचं, मनातल्या मनात एक आकडा जास्त मोजायचा, आणि तो आदळणार तेवढ्यात फेकायचा. मार लागणारच, पण आदळलेला माणूस फेकीमागे धावू शकत नाही. एक आकडा जास्त, एवढाच बदल.

मार्लीस मिऱ्याची डबी हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे दर वेळी हा पोरगा मार खाणार?"

मी म्हटलं, फुटबॉल आहे, विणकाम नव्हे. ती पस्तीस वर्षं शाळेत नर्स होती, तिला सगळीकडे टेंगळंच दिसतात.

१२ सप्टेंबर, रविवार

हरलो, पण वीस–सतरा! त्यांच्या कोचने हात मिळवताना विचारलं, त्या पोराला सांगतोस तरी काय? मी नुसता हसलो. वेडने बावीस वेळा मार खाल्ला आणि बावीस वेळा उठला. बसमध्ये बर्फाची पिशवी मानेला लावून बसला होता. मी पाठ थोपटली तर म्हणाला, "एक आकडा जास्त, कोच." फार बरं वाटलं.

१९ सप्टेंबर, रविवार

जिंकलो. वरच्या गटातला पहिला विजय, एकवीस–वीस. टिलटसनच्या डोळ्यांत पाणी होतं, तो ते ऊन लागलं म्हणून सांगत होता.

एक मजा झाली. तिसऱ्या डावात दोघांनी मिळून वेडला असा आपटला की हेल्मेट फिरून त्याचं कानाचं भोक नाकासमोर आलं. उठला आणि सरळ त्यांच्या रिंगणात जाऊन उभा राहिला, सूचना ऐकायला. सगळं मैदान हसलं. त्यांची पोरंसुद्धा. रेने धावत गेला आणि दंडाला धरून घेऊन आला. आमच्या बँडच्या पोरांनी त्याच्यावर लगेच एक धून वाजवली. वेडही हसत होता.

उपचारवाल्याने दोन बोटं दाखवून विचारलं किती, तर दोन म्हणाला. आजचा वार काय, शनिवार. समोर कोण, तेही बरोबर सांगितलं. रेने उपचारवाल्याच्या पाठीमागे उभा राहून हातवारे करत होता, त्याला मी दम दिला. कुठेही माकडचाळे.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

काल गुरुवारचं जेवण. गेली तीन वर्षं दर गुरुवारी वेड आमच्याकडे जेवतो, बरोबर रेने असतोच. मार्लीसने मिरचीमसाल्याचा राजमा-खिमा आणि दालचिनीचे रोल केले होते. वेडने बाथरूम कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं, वा रे वा, एक सामना जिंकलास तर गरिबाच्या घरातलं बाथरूम विसरलास! सगळे हसले, रेनेने उठून त्याला दाखवलं. पोरं गेल्यावर मार्लीस भांडी विसळायला लागली. मग म्हणाली, "तो दिव्याकडे तोंड करून बसला नाही. खुर्ची फिरवून बसला." मी म्हटलं, दिवा डोळ्यांवर येतो, मीही तिथे बसत नाही.

तिने सांगितलं, त्याला डॉक्टरला दाखव. मी बरं म्हटलं.

३ ऑक्टोबर, रविवार

हरलो. त्याहून वाईट म्हणजे वेड वाचत नाहीये.

सामन्यानंतर मी त्याच्या प्रत्येक निर्णयाला बरोबर किंवा चूक अशी खूण करतो. पहिल्या तीन सामन्यांत शंभरात नव्वद बरोबर. काल चौपन्न. मोकळा माणूस फुलबॅकवर तुटून पडतोय, आंधळ्यालाही दिसेल असा, आणि हा चेंडू फुलबॅकलाच देतो. रेने आपला त्याच्या अंगावर जाऊन आपटतो, एक-दोन यार्ड काढतो, उठतो, पुन्हा तेच.

विचारलं तर वेड म्हणाला, ऊन होतं. ऊन त्याच्या पाठीमागे होतं. बहुतेक कुणी मुलगी असणार. या वयात नजर कुठे जाते ते मला माहीत आहे.

१३ ऑक्टोबर, बुधवार

वेडसाठी सरावानंतर अर्धा तास जादा ठेवलाय. मी स्वतः मोकळा माणूस होऊन समोर उभा राहतो. आज त्याने तीनदा विचारलं, शनिवारी घरी खेळायचंय की बाहेर. तिसऱ्यांदा मी चिडलो. म्हटलं, लक्ष आहे का तुझं? मान खाली घालून म्हणाला, "माफ करा, कोच." मग रेने म्हणाला की वेडचा पिकअप तोच चालवतो हल्ली, म्हणून उशीर होतो, आम्ही जाऊ का? बघा, हा आता क्वार्टरबॅकचा ड्रायव्हरही झाला. आणि घाई त्याचीच.

२५ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी जिंकलो, चौदा–दहा. रेनेला अडतीस वेळा चेंडू. अडतीस! माझ्या उभ्या जन्मात मी एका माणसाला इतक्या वेळा दिला नाही. त्याला उठताना बघवत नव्हतं, पण वर्तमानपत्रात त्याचाच फोटो.

आज व्यायामशाळेबाहेर त्याने मला गाठलं. चेहरा एका बाजूने सुजलेला. नेहमीसारखी थट्टा नाही, काही नाही. म्हणाला, "कोच, उरलेले दोन सामने सगळे चेंडू मलाच द्या. वेडला ठेवायला लावू नका. नाहीतर ब्रॅडीला खेळवा त्याच्या जागी."

मी विचारलं, का?

त्याने बुटाकडे बघितलं. मग म्हणाला, "मी खेचू शकतो, म्हणून."

मी त्याला सांगितलं की या संघात कोण किती चेंडू नेणार हे फुलबॅक ठरवत नाही. तो काहीतरी बोलणार होता, पण गेला.

घरी येताना एकदम लक्षात आलं. कॉलेजच्या भिंतीवर जो विक्रमाचा फलक आहे, एका मोसमात सर्वांत जास्त यार्ड, तो १९७१ पासून तसाच आहे. रेनेला फक्त एकशे बारा कमी पडताहेत. मग सगळं जुळलं. आणि ब्रॅडी म्हणजे पहिल्या वर्षाचं घाबरट पोर, तो काय वाचणार? डोळे मिटून फुलबॅकलाच देणार.

वाईट वाटलं. रेने मला आवडायचा.

१ नोव्हेंबर, सोमवार

गेल्या शनिवारी सामना नव्हता, म्हणून मागच्या तिन्ही टेप एकेक पाऊल थांबवत बघितल्या. मार्लीस म्हणाली, डोळे फुटतील. पण जे बघायचं होतं ते दिसलं.

रेनेचे हात. सैल नाहीत. चेंडू पोटाशी लागला की दोन्ही हात चिमट्यासारखे मिटतात. वेड ठेवायचा की द्यायचा हे ठरवायच्या आधीच हा ओढून घेतो. एका ठिकाणी तर वेड चेंडू मागे खेचतोय आणि हा खांदा वळवून हिसकावतोय. अडतीसातले निदान वीस चोरीचे. आणि मी महिनाभर वेडला बोलतोय, चूक खुणा करतोय, जादा सराव घेतोय. माझीच मला लाज वाटली.

टिलटसनला टेप दाखवली. तो म्हणाला, पोरगा चांगला आहे, आधी विचार त्याला. मी म्हटलं, विचारायचं काय, डोळ्यांना दिसतंय.

३ नोव्हेंबर, बुधवार

रेनेला बोलावून टेप लावली. दोन-तीनदा हात मिटताना दाखवले. म्हटलं, हे काय आहे?

नाकारलं नाही. म्हणाला, "मी घेत होतो." मी म्हटलं, फलकासाठी? त्यावर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी परक्या भाषेत बोललो. "फलक?" एवढंच म्हणाला. मग वेडकडे वळला, तो मागे बाकावर बसला होता. वेडने मान हलवली, नाही अशी. रेने पुन्हा गप्प. मी विचार केला, वेड बिचारा मित्राला सांभाळून घेतोय.

मी रेनेला शनिवारच्या सामन्यातून काढला. स्टेडियमच्या पायऱ्या पन्नास वेळा चढउतार. तक्रार न करता केल्या. शेवटी फक्त एवढं म्हणाला, "कोच, मला हवं तर पुढच्या वर्षीही काढा. पण शनिवारी त्याला चेंडू ठेवायला लावू नका." मी दार लावून घेतलं.

आता खरी गोष्ट. समोर आहे डनमोर स्टेट, गटातला पहिला नंबर. त्यांनीही आमच्या टेप बघितल्या असणारच, म्हणजे त्यांना काय दिसणार? हार्लन क्रीक दर वेळी फुलबॅकला देतं. त्यांचे सगळे दांडगे मध्ये तुटून पडणार. मग आपण काय करायचं? द्यायचाच नाही! नवा फुलबॅक रिकाम्या हाताने घुसेल, आणि वेड दर वेळी ठेवणार, बाहेर पळणार, एक आकडा जास्त थांबणार, फेकणार. वाचायची भानगडच नाही. रेनेच्या चोरीचा असा उपयोग होईल, असं कुणाला वाटलं होतं!

माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर चाल आहे ही. खरंच आहे.

६ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी

रात्री पारा गोठणबिंदूच्या पाच अंश खाली गेला होता, पण आता ऊन आहे. नाश्त्याला वेडने पॅनकेकवर पाक ओतला, मग पुन्हा ओतला, मग तिसऱ्यांदा ओतला. रेने दुसऱ्या टेबलावरून उठून आला आणि पाकाची बाटली उचलून घेऊन गेला. बोलले नाहीत एकमेकांशी. भांडलेले दिसतात.

वेडचे वडील आलेत ब्रोकन बोहून, नवा शर्ट घालून. हात घट्ट दाबला माझा. म्हणाले, तुम्ही पोराला माणूस केलंत.

चला, निघतो.

१० नोव्हेंबर, बुधवार

लिहून ठेवायलाच हवं. नंतर मी स्वतःशीच वेगळं सांगायला लागेन.

पहिल्या चालीला चौसष्ट यार्ड. त्यांचे सगळे मध्ये घुसले आणि वेड बाहेरून एकटा पळाला. बाकावरून रेने सोडून सगळे ओरडत उठले. मध्यंतराला आम्ही चौदा–सात पुढे होतो, डनमोर स्टेटच्या पुढे. मी टोपी भिरकावली. आयुष्यात कधी भिरकावली नव्हती.

मध्यंतराला वेड कपाटाला डोकं टेकून बसला होता. मी म्हटलं, कसा आहेस? म्हणाला, "छान, कोच. एक आकडा जास्त." ओकल्याचा वास येत होता. मला वाटलं, ताण आहे. मी त्याच्या हेल्मेटवर टपली मारली.

टपली मारली मी.

तिसऱ्या डावात त्यांनी चाल ओळखली. बाहेरचा मोकळा माणूस धावत आला, वेड त्याच्या छातीवर चालून गेला, थांबला, मी शिकवल्यासारखा थांबला, आणि फेकला. टचडाउन झाला. सगळे तिकडे बघत होते. मीही तिकडेच बघत होतो. रेनेने नव्हतं बघितलं. तो बाकावरून मैदानात धावला तेव्हा मी ओरडलो, दंड होईल, परत ये!

वेड उठला होता. उभा होता. रेनेने त्याला दोन्ही खांद्यांना धरलं, वेडने त्याचं नाव घेतलं म्हणतात, आणि मग पाय गेले.

लिंकनच्या हॉस्पिटलात रात्री कवटी उघडली. मेंदूत रक्त साठलेलं. डॉक्टर वेडच्या वडिलांना म्हणाले की त्यातलं काही जुनं आहे. आठवडे झालेले. वडिलांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मला कळतं का, एवढंच बघत होते. मला नवा शर्ट दिसत होता फक्त.

सामना आम्ही जिंकलो, म्हणे.

१४ नोव्हेंबर, रविवार

अजून शुद्ध नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रेने बसलेला असतो. काल त्याच्या शेजारी बसलो. मग विचारलं. त्याने समोरच्या भिंतीकडे बघत सांगितलं.

"त्यांच्या रिंगणात जाऊन उभा राहिला ना, तेव्हापासून. त्याला दोन-दोन दिसायचं. मोकळा माणूस कोणता तेच कळायचं नाही. मला म्हणाला, कुणाला सांगशील तर माझ्या गळ्याची शपथ, बाबा आयुष्यात पहिल्यांदा सामने बघायला येताहेत. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, तू बघूच नकोस, पोटाशी लाव, बाकी मी बघतो. पण सवय हो, कोच. तो ठेवायला जायचा. मग मला ओढून घ्यायला लागायचं."

त्यानेच पुढे म्हटलं, "मी शपथ मोडायला हवी होती."

मी म्हटलं, नाही रे पोरा, तू दोनदा सांगितलंस. माझ्या तोंडावर सांगितलंस. एवढं म्हणता म्हणता रडायला आलं. सत्तावन्न वर्षांचा माणूस त्या बाकावर हुंदके देऊन रडला, आणि त्या पोराने माझ्या पाठीवर हात ठेवला. पायऱ्या चढायला लावलेल्या पोराने.

१५ नोव्हेंबर, सोमवार

त्याच टेप परत बघितल्या. तेच हात. आता दिसतंय की हात मिटण्याआधी दर वेळी रेने वेडच्या डोळ्यांकडे बघतो. चेंडूकडे नाही, समोरच्या फटीकडे नाही. मी फक्त हात बघितले होते.

मार्लीस दारात उभी होती. मी म्हटलं, बोल, तू सांगितलं होतंस. सप्टेंबरात सांगितलं होतंस. ती म्हणाली, "मी एकदाच सांगितलं, ओरिन. दोनदा सांगायला हवं होतं." मग आत जाऊन एकटीच रडली. जो तो स्वतःलाच दोष देतोय आणि मला कुणी देत नाही. कुणीतरी चार शिव्या द्याव्यात असं वाटतं.

टिलटसनच्या टेबलावर राजीनामा ठेवला. त्याने वाचला आणि घडी करून खिशात टाकला. नको बोलूस आता, म्हणाला. पण मी परत जाणार नाही.

१९ डिसेंबर, रविवार

वेडने डोळे उघडले तेव्हापासून पंधरा दिवस झाले. बापाला ओळखतो. रेनेला ओळखतो. उजवा पाय ओढतो, शब्द एकेक करून येतात. यंदाचा मोसम त्याच्या डोक्यात नाही, ऑगस्टपासून पुढे काही नाही. नर्स म्हणाली, कधीतरी येईलही. मी मनात म्हटलं, न येवो.

मला ओळखलं की नाही, ते कळलं नाही. माझ्याकडे बघून हसला, पण तो जेवण आणणाऱ्या बाईकडे बघूनही तसाच हसतो.

२० मार्च १९९४, रविवार

तीन महिने वहीला हात लावला नाही. लिहिण्यासारखं नव्हतं असं नाही.

कॉलेजने फलकावर रेनेचं नाव लावायचं म्हटलं, कारण शेवटचे दोन सामने न खेळूनही तोच पुढे ठरला, जुने आकडे तपासल्यावर १९७१ ची बेरीजच चुकलेली निघाली. रेनेने नको म्हणून सांगितलं. तो पुढच्या वर्षी खेळणार नाही. दर रविवारी वेडचाच पिकअप घेऊन एकशे चाळीस मैल त्याला भेटायला जातो. आता मीही त्याच्याबरोबर जातो. गाडीत आम्ही फार बोलत नाही. मार्लीस दोघांसाठी रोल बांधून देते, तिसरा वेडसाठी.

१० एप्रिल, रविवार

आज लिहितो आणि मग ही वही ठेवून देणार.

पुनर्वसनाच्या दवाखान्यात लांब कॉरिडॉर आहे. व्यायाम घेणारी मुलगी म्हणाली, पायांना आठवेल असं काहीतरी करू द्या त्याला. रेनेने चेंडू आणला होता. वेडच्या हातात दिला. वेडने तो फिरवून शिवण बोटांखाली घेतली, तशीच, शिकवल्यासारखी. मला बघवेना.

रेने भिंतीपाशी मागे सरला आणि मला म्हणाला, "तुम्ही जा, कोच."

मी म्हटलं, मी कधी फुलबॅक नव्हतो. तो म्हणाला, "नुसतं त्याच्या बाजूने पुढे चालायचं."

गेलो. वेडने उजवा पाय ओढत पाऊल टाकलं आणि चेंडू माझ्या पोटाशी लावला. दोन पावलं आम्ही जोडीने चाललो, त्याचे हात माझ्या पोटावर, माझे हात सैल. आणि तो समोर बघत होता. रिकामा कॉरिडॉर, टोकाला एक खिडकी आणि पाण्याचं यंत्र. तो शोधत होता. डोळे इकडून तिकडे, इकडून तिकडे. कपाळावर घाम आला. मग थांबला आणि माझ्याकडे वळला. शब्द जुळवायला वेळ लागला त्याला.

"कोच," म्हणाला. "द्यायचा... की ठेवायचा?"

मला ओळखत होता तर.

मी म्हटलं, "मला दे, पोरा. तू बघूच नकोस." आणि दोन्ही हात मिटून चेंडू घट्ट आवळून धरला.